वाढलेलं पान आणि रांधणारा हात

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर जमलेली माणसं आश्वासनं देऊ लागतात. मुलीचं लग्न करून देऊ, शेत विकणार नाही, आईला सांभाळू. एकेक बोलून पाहायचं आणि झाडाकडे बघायचं. काहीच जमलं नाही तर दर्भाचा कावळा करून सुटका करून घ्यायची. पण त्याच्याही आधी, पान वाढताना, एक प्रश्न ठरलेला असतो: त्यांना काय आवडायचं? माझा नवरा गेला तेव्हा हा प्रश्न मलाही विचारला गेला आणि मी अडखळले. त्याला खाण्याचं फारसं कौतुक नव्हतं. पंगतीत बसला की दोन घास खाऊन तो आचाऱ्याला शोधायला उठायचा. त्याला आवडायचं ते रांधायला, आणि त्याच्या जोडीला लाकूड कापायला. आता ते पानात कसं वाढणार?

आमच्या श्राद्धविधीत गेलेला माणूस खाणारा असतो. तो कर्ता असतो, कमावता असतो, कुणाचा तरी मुलगा आणि कुणाचा तरी बाप असतो. त्याने कुणाला खाऊ घातलं असेल, घरातल्या फळ्या स्वतः ठोकल्या असतील, याची दखल घ्यायला त्या विधीत जागाच नाही. आणि विधीला तरी का दोष द्यावा? वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायला गेले तेव्हा नमुना आधीच तयार होता. निवृत्त अमुक, मनमिळाऊ, पश्चात इतका परिवार. 'उत्तम गोडा मसाला करीत' असं घालायचं का, असं मी विचारलं, तेव्हा समोरचा मुलगा मला दुःखाने काही सुचत नसावं अशा समजुतीने अतिशय प्रेमाने हसला.

मराठीत पत्नीने नवऱ्याच्या आठवणी लिहिण्याची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 सालचं, न्यायमूर्ती गेल्यावर नऊ वर्षांनी आलेलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळक 1919 मध्येच गेले होते. ही पुस्तकं मला प्रिय आहेत, लक्ष्मीबाईंचं तर फारच, कारण नवऱ्याच्या थोरवीपुढे त्यांनी स्वतःचं हसू आवरून धरलं नाही. पण नवऱ्यावर लिहिण्याचा परवाना त्या काळी बाईला मिळाला तो मुळात नवरा सार्वजनिक होता म्हणून. समाजाला रानडे हवे होते, टिळक हवे होते. घरातला माणूस त्यांच्यामागून आत आला. ज्याचं सगळं कर्तृत्व स्वयंपाकघर आणि गॅलरीतला सुतारकामाचा कोपरा एवढ्यातच मावलं, त्याच्यावर लिहायला निमित्त कोणतं सांगायचं? ते निमित्त शोधावं लागतं हेच मला खटकतं.

त्याचा गोडा मसाला हे एक प्रकरण होतं. धने वेगळे, तीळ वेगळे, खोबरं वेगळं, लवंग-दालचिनी वेगळी. सगळं एका कढईत ओतून परतणाऱ्यांचा त्याला मनापासून राग यायचा, आणि त्याचं कारण चवीपेक्षा यंत्रशाळेतलं होतं: प्रत्येक जिन्नसाचा उष्णता सोसण्याचा काळ वेगळा. दगडफूल कागदासारखं हलकं, ते तेलात पडल्या पडल्या काढायचं. नागकेशर क्षणभर जास्त राहिलं तर सगळा मसाला कडवट. हळकुंड मात्र निवांत तळायचं. आणि शेवटचा नियम सगळ्यांत कडक: पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायचं नाही, कारण कोमट तीळ-खोबरं तेल सोडतं आणि मसाल्याचा लगदा होतो. दुपारभर घरात कुणी पंखा लावायचा नाही, त्या वासात बसायचं. मला डोकं दुखायचं. हेही लिहायला हवं.

आता एक अप्रिय गोष्ट. पुरुषाच्या स्वयंपाकाचं आपल्याकडे कौतुक फार लवकर होतं. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव झाला, नळराजाच्या नावावर तर पाकशास्त्राचा ग्रंथच चालतो. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मासे कसे स्वच्छ करावेत, मांस कसं भाजावं इथपासून घर कसं बांधावं इथपर्यंत सगळं आहे. माझ्या नवऱ्याला हा राजा फार जवळचा वाटायचा. मी विचारायची, कढया कोण घासत होतं? लग्नातला आचारी, जत्रेतलं मटण करणारे बाप्ये, रविवारची बिर्याणी करणारा हौशी नवरा, ही सगळी सणाची माणसं. मंगळवारी रात्री उरलेल्या भाताचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला येत नाही. हौस आणि नेम यांत हाच फरक, आणि स्त्रियांच्या वाट्याला शतकानुशतकं नेमच आला.

सुरुवातीला तोही सणाचाच होता. भांडी माझी, वाहवा त्याची. माझी सकाळची शाळा लागली तेव्हा हे बदललं, आणि ते प्रेमाने आपोआप बदललं असं मी म्हणणार नाही. भांडणं झाली, एकदा तर चांगलीच. त्यानंतर मुलांचे डबे त्याच्याकडे आले. कंटाळवाणी कोबीची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा, तापातल्या मुलासाठी मऊ भात. गोड्या मसाल्याची कीर्ती नातेवाइकांत अजून आहे. कोबीच्या भाजीची आठवण मी सोडून कुणी काढत नाही, आणि मला विचाराल तर तो नवरा म्हणून मोठा झाला तो त्या भाजीत.

त्याचं सुतारकामही तिथेच वळलं. आधी शोभेच्या वस्तू व्हायच्या, मग कामाच्या होऊ लागल्या. खाली बसून विळीवर चिरणं माझ्या गुडघ्यांना झेपेना, तेव्हा त्याने विळीचं पातं उभ्याने चिरता येईल अशा पाटावर बसवलं. मग ओटा. आमच्या आज्या चुलीपुढे बसून रांधत. उभा ओटा आला तो बहुतेक घरांत गवंड्याच्या सवयीच्या मापाने. माझ्या नवऱ्याने कोपर धरून मोजलं. चिरायचं काम कोपराच्या थोडं खाली सोयीचं पडतं. पोळ्या लाटायला खांद्यातून जोर लागतो, म्हणून पोळपाट त्याहून खाली हवा. शिवाय तो उंच, मी बुटकी. शेवटी ओटा दोन पातळ्यांचा झाला. गवंड्याने कपाळावर हात मारला.

अमेरिकेत जुलिया चाइल्ड या प्रसिद्ध पाककलातज्ज्ञ बाईंचं अख्खं स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडलेलं आहे. त्या उंच होत्या, म्हणून त्यांचे पती पॉल यांनी ओटे नेहमीपेक्षा उंच करून घेतले, भिंतीवर भोकांच्या फळ्या लावल्या आणि प्रत्येक पातेल्याची बाह्यरेषा त्यावर काढली, जिथलं ते तिथेच परत जावं म्हणून. स्वयंपाकघर तिच्या नावाने जतन झालं, त्याचा हात त्या रेषांमध्ये राहिला. मला ही वाटणी न्याय्य वाटते. आपल्याकडे नेमकी उलटी वाटणी इतकी वर्षं चालली, तिच्यावर मात्र अजून कुणी संग्रहालय काढलेलं नाही.

लोक म्हणतात, त्याच्या वस्तू आहेत तशा जपा. रंधा, पटाशी, गुण्या मी तेल लावून ठेवते, एवढं ठीक. पण वापरातल्या वस्तू जपता येत नाहीत, त्या दुरुस्त कराव्या लागतात, आणि दुरुस्ती झाली की वस्तू थोडी दुसऱ्याची होते. खालच्या कप्प्याची बिजागरी एका तरुण सुताराने बदलली. त्याने नवऱ्याच्या जोडकामाला नावं ठेवली, ती रास्त होती. मसाला आता सुनेच्या हातचा असतो. ती खोबरं कमी घालते, मिक्सरवर काढते, आणि गार व्हायची वाट मात्र पाहते. फोटोला हार घालताना माणूस आहे तिथेच थांबतो. असा हस्तक्षेप होत राहिला तर तो निदान घरातल्या वादात भाग घेत राहतो.

परवा सुनेने विचारलं, ओटा सरळ एका पातळीत करून घेऊ का, सगळ्यांचे तसेच असतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वाटलं मी नाही म्हणेन. ती माझ्याहून बरीच उंच आहे, पोळ्या लाटताना तिची कंबर भरून येते. मी म्हटलं, फोडायचा तर फोड, पण गवंड्याचं माप घेऊ नकोस. आधी आपली कोपरं मोज, आणि मुलालाही बोलाव मोजायला, डबे तोही करतो.