नातवंडाचें मुख आणि वानप्रस्थ

गृहस्थानें वनाची वाट केव्हां धरावी, याच्या खुणा मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत दिल्या आहेत: अंगावर सुरकुत्या, पिकलेले केस आणि अपत्याचें अपत्य दृष्टीस पडणें. आमच्या परिचयाचें एक निवृत्त दांपत्य नातवंड दिसतांच निघालें खरें, पण नातवंडाकडेच! प्रथम न्यू जर्सीस कन्येकडे सहा महिने, कारण अमेरिकेंत पाहुण्यास बहुधा तेवढाच मुक्काम मिळतो. पुढें बंगळुरास चिरंजीवांकडे. पुण्याच्या घरास कुलूप.

यास मोह म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वनांत जाणाऱ्याची घरांतील सत्ता घराबरोबरच सुटते. लेकीसुनेच्या स्वयंपाकघरांत ती रोज नव्यानें सोडावी लागते. बाळास न्हाऊमाखू आजीनें घालावें, पण त्यास काय भरवावें हें आईनें ठरवावें! ज्या बाईस चाळीस वर्षें चुलीपाशीं कोणी विचारणारें नव्हतें, तिला हें अरण्याहून सोपें नव्हे.

खरा प्रश्न मुलांचा आहे. त्यांस आईबाप हवे आहेत, कीं बिनपगारी दाई? वृद्धांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं कायदा झाला. पण 'आज नातू सांभाळणें जमणार नाहीं' असें म्हणण्याची मोकळीक घरांतच मिळावी लागते. बंगळुराहून परतण्याचें तिकीट आजोबांनीं काढलें आहे. आजीबाईंनीं मात्र अद्याप बॅग भरलेली नाहीं.