आजीचं पथ्य

एक आजी होती. तिची लेक अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहत होती. एका वर्षी उन्हाळ्यात आजी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेली. जाताना तिने मेतकूट नेलं, भाजणी नेली आणि साखरेच्या आजाराच्या सहा महिन्यांच्या गोळ्या नेल्या. लेकीच्या घरामागे गवत होतं आणि गवतापलीकडे झाडी. संध्याकाळी झाडीतून हरणं यायची. आजीने कडेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला आणि रोज सकाळी ती गवतातून अनवाणी जाऊन त्याला पाणी घालू लागली.

जूनमध्ये तिच्या गुडघ्याच्या मागे लाल चट्टा उठला. तो दुखत नव्हता, खाजतही नव्हता, फक्त रोज थोडा थोडा पसरत होता. मग अंग मोडून आलं आणि ताप चढला. लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहिला, घरामागे काय आहे ते विचारलं आणि रक्ततपासणीची वाट न बघता सांगितलं, "हा लाइम. सुरुवातीला रक्तात काही दिसत नाही, चट्ट्यावरूनच ओळखायचा." त्या भागातल्या गोचिडीतून बोरेलिया नावाचा जंतू अंगात शिरतो. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. ते चिकटलेलं कळत नाही.

बाईंनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 14 दिवस. औषधाच्या दुकानातल्या माणसाने नीट समजावलं. पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, उन्हात जपा, आणि दूधदुभतं व कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर औषध अंगी लागत नाही. आजीने अंतर ठेवण्याच्या भानगडीत न पडता दूधच सोडलं. चहा गेला, ताक गेलं, रात्रीचा दहीभात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. एरवी 130 असायची, ती 236 निघाली. आजी घाबरली. ताप अंगात असला की शरीर त्याच्याशी झुंजायला कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन अशी द्रव्यं सोडतं आणि त्यांनी साखर चढते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आपणच काहीतरी खाल्लं.

मग फोन सुरू झाले. धाकटी बहीण म्हणाली, "अगं, जंतू साखरेवरच जगतात. भात, गूळ, फळं सगळं बंद कर. उपाशी राहिला की मरेल आपोआप." जुन्या शेजारणीने सांगितलं की गव्हाने अंगातली सूज वाढते, म्हणून पोळी बंद झाली. मामेभावाने कारल्याचा रस सांगितला. सगळ्यांचं बोलणं मायेचं होतं आणि आजी कुणाचा शब्द मोडणारी नव्हती.

शिवाय उपास तिच्या अंगवळणी पडला होता. एकादश्या, संकष्ट्या, चातुर्मास, तिने सगळं केलं होतं. भूक दाबणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुकही जरा जास्तच होतं. त्यात नव्या गोळीने मळमळायचं, त्यामुळे जेवण टाळणं सोपंच गेलं. उकडलेला दुधीभोपळा, पातळ मुगाचं पाणी आणि सकाळी कारल्याचा रस एवढ्यावर ती आली.

घरात तिची काळजी सगळ्यांनाच होती. लेक कामावर जाण्याआधी आणि आल्यावर गोळ्या मोजायची. जावई रोज ताप विचारायचे. दोघांनाही आजी "बरं आहे" म्हणायची. रात्री सगळ्यांबरोबर ती ताट वाढून घ्यायची, घास चिवडत बसायची आणि सगळे उठले की पोळी परत डब्यात ठेवायची. गोळ्या मात्र नेमाने घ्यायची. साखरेच्या गोळ्याही.

साखर उतरू लागली. 180 झाली, 140 झाली, एका सकाळी 96 निघाली. आजीला धन्य वाटलं. पथ्य फळलं म्हणून तिने मुगाचं पाणीही अर्धं केलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती वाफ्याकडे निघाली आणि दारातच बसली. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, छातीत धडधडत होतं. आठ वर्षांची नात तिथेच खेळत होती. तिने "आजी, काय गं?" म्हणून विचारलं, तर आजी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारू लागली. नात आत पळाली. लेकीने धावत येऊन साखर पाहिली. 54.

लेकीने नातीच्या शाळेच्या डब्यातला सफरचंदाच्या रसाचा खोका फोडला आणि आईच्या ओठांना लावला. आजीने तोंड फिरवलं.

"नको. गोड नको. जंतू वाढतील."

"आई, पी. आत्ता काही बोलू नकोस. पी."

आजी प्यायली. लेकीने पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत काढली आणि पुन्हा सुई टोचली. 83. मग तिने आईला दोन पोळ्या आणि मुगाचं वरण समोर बसून खाऊ घातलं. दवाखान्यात फोन केला तर त्यांनी ताबडतोब बोलावलं, कारण साखरेच्या काही गोळ्यांचा अंमल दिवसभर राहतो आणि एकदा उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते.

बाईंनी विचारलं, "या आठवड्यात काय काय खाल्लंत?"

आजी म्हणाली, "थोडं थोडं सगळंच."

लेक म्हणाली, "जेवतेय तशी बरी."

नात खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "आजी जेवत नाही. आजी फक्त वाढून घेते."

खोलीत कुणी काही बोललं नाही. लेकीने आईकडे पाहिलं. आजीने पदर नीट केला, आणि मग सगळं सांगितलं. दूध, भात, गहू, कारलं, फोन, डब्यात परत गेलेल्या पोळ्या.

बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "जंतू मारायला गोळी आहे. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून तो मरत नाही. ताटात काही नसलं तरी तुमचं यकृत रक्तात साखर सोडतच राहतं, आणि ते सोडतं म्हणून तर आपण जगतो. पण तुमची सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी इन्सुलिन बाहेर काढते. तुम्ही जेवलात की नाही, ते तिला कळत नाही. ताप होता तोवर साखर चढलेली होती, म्हणून निभावलं. ताप उतरला, पोट रिकामं आणि गोळी पुरती. मग दुसरं काय होणार?"

"म्हणजे साखर उतरली ती पथ्याने नाही?" आजीने विचारलं.

"थोडी पथ्याने, थोडी ताप गेल्याने आणि उरलेली भलत्या वाटेने."

बाईंनी ती गोळी काही दिवस बंद केली आणि जेवण रुळावर आलं की पुन्हा ठरवू म्हणाल्या. डॉक्सिसायक्लिन जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं, म्हणजे मळमळ कमी होईल. दह्याची वाटी दोन तासांनी खायची. पोळी, वरण, भाजी, मुठीएवढा भात, सगळं बेताने पण वेळेवर. लाइम बरा करणारा आहार असा कुठला सिद्ध झालेला नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि एक वही करायला सांगितली. किती वाजता काय खाल्लं, साखर किती, कुठली गोळी.

आजी म्हणाली, "वहीने काय होणार?"

बाई हसल्या. "तुमच्या आजाराला नाव मिळालं ते वहीमुळेच. इथेच लाइम नावाचं गाव आहे. तिथे पॉली मरे म्हणून एक बाई राहायच्या. त्यांच्या मुलांचे सांधे सुजायचे, चट्टे उठायचे, त्या स्वतःही सतत आजारी. डॉक्टरांना उलगडा होईना. पण त्या सगळं लिहून ठेवत होत्या. शेजारपाजारच्या मुलांचंही तसंच दुखतंय हे त्यांनी 1975 मध्ये सरकारी आरोग्य खात्याला कळवलं. मग येल विद्यापीठाचे डॉक्टर अ‍ॅलन स्टीअर यांनी घरोघरची माहिती गोळा केली. जंतू सापडला तो पुढे, 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या पोटात. आधी त्या आईने सांगितलं."

आजीने वही केली. पहिल्या पानावर तिने बारीक अक्षरात लिहिलं, सकाळी 8, उपमा एक वाटी, साखर 142. बहिणीचा फोन आला तेव्हा तिने सगळा सल्ला ऐकून घेतला आणि म्हणाली, "लिहून ठेवते आणि डॉक्टरला विचारते." लेक आता गोळ्यांआधी ताट बघायची. चौदाव्या दिवशी औषध संपलं. चट्टा तोवर दिसेनासा झाला होता. वाफ्याकडे जाताना आजी पायांत मोजे-बूट घालू लागली आणि परत आल्यावर नात तिच्या पोटऱ्या तपासू लागली.

कोणी आजारी पडलं की काय खाऊ नये हे सांगायला गाव जमतं. आज काय पोटात गेलं, हे विचारणारं घरात एखादंच असतं, आणि विचारलं तरी खरं सांगायला आजारी माणूस कचरतो. आजीने कुणाचंच वाईट केलं नव्हतं. तिने सगळ्यांचं ऐकलं होतं, फक्त स्वतःचं कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात साखरेच्या गोळ्या घेणारं कोणी तापाने पडलं, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना एवढं विचारून घ्या: जेवण गेलं नाही, तर यातली कुठली गोळी घ्यायची आणि कुठली थांबवायची?