भाषा नवी की वाचनच अवघड?

बेंगळुरूच्या दक्षिणेला बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांमागे माणसं येतात, त्यांच्याबरोबर मुलं. मराठी घरातलं मूल इथल्या शाळेत गेलं की घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि फळ्यावर इंग्रजी. तिसरीत ते अडखळत वाचतं, तेव्हा बाई म्हणतात, ‘भाषा नवी आहे, येईल हळूहळू.’ पाचवीत तेच मूल आळशी ठरतं. आधी माया झाली, मग राग झाला. त्याला नेमकं काय जड जातंय हे मात्र कुणी पाहिलं नाही.

पाहणं सोपं नाही, हे मान्य. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वरचिन्हं, जोडाक्षरं असा सगळा पसारा हाती यायला काही वर्षं जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे सावकाश शिकणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसतं. पण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता असलेलं मूलही याच सावकाशीआड लपून राहतं. म्हणून आधी घरच्या भाषेत विचारावं: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? गोष्ट रंगवून सांगणारं मूल इथं गोंधळत असेल, शिकवूनही तिथंच अडत असेल, तर त्याला तज्ज्ञाकडे न्यायला हवं.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षम मुलांचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या कायद्यानं त्यांना अपंगत्वाच्या 21 प्रकारांत जागा दिली आणि अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. निदानासाठी 2018 मध्ये ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी ठरवण्यात आली; बोम्मसंद्र्यातून जाणाऱ्या होसूर रस्त्यावरच, शहराच्या अंगाला ही संस्था आहे. तरी आईबाप कचरतात. शिक्का बसेल, ही त्यांची भीती खरी आहे. पण ‘मठ्ठ’ हा शिक्का मुलाला कधीचाच बसलेला असतो, आणि निदानाच्या प्रमाणपत्रानं मिळतो तसा परीक्षेत जादा वेळ त्या शिक्क्यानं मिळत नाही, लेखनिकही मिळत नाही.

आणि मदतीसाठी प्रमाणपत्राची वाट कशाला पाहायची? प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवणं, उत्तर तोंडी घेणं, वर्गापुढे उभं करून वाचायला न लावणं बाईंना उद्यापासून जमेल. विशेष शिक्षक रोज थोडा वेळ बसून आवाज आणि अक्षराची जोडी पक्की करून घेतील. आईबापांनी मात्र ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळाला, तरी मराठीतल्या गोष्टी सांगणं थांबवू नये.