पापभीरू माणसाची शर्यत

मी पापभीरू माणूस आहे. हे मी सांगत नाही, आमच्या शाखेतले सगळे सांगतात, आणि तेही स्तुती म्हणून नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेच्या कॅशच्या खिडकीत बसलो, त्याला आता वीसेक वर्षं झाली. संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी जास्त भरली, तर ते दहा रुपये कुणाचे हे सापडेपर्यंत मी उठत नाही. त्यामुळे साहेबांनाही उठता येत नाही. रस्त्यावर तर माझा पापभीरूपणा विशेष खुलतो. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या रस्त्यांवर गोण्यांनी लादलेली वाहनं, रिक्षा आणि निवांत गाई यांचं संमेलन भरलेलं असतं. त्यातूनही मी डावी बाजू सोडत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, ती मी दाद समजतो.

असा मी, गेल्या दिवाळीत गुन्हेगार झालो.

झालं असं, की सुरतेहून मेहुणा आला. नंदुरबारात ज्याचा एकही नातेवाईक सुरतेला नाही, असा माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. मेहुण्याने येताना स्वतःच्या मुलाचं जुनं प्लेस्टेशन टू आणलं आणि ते आमच्या चिरंजीवांना बहाल केलं. हे यंत्र बाजारात आलं २००० साली, म्हणजे आमच्या घरात येण्याइतकं ते आता जुनं झालं होतं. सोबत २००५ सालची एक तबकडी होती, ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’. त्यात रॉकपोर्ट नावाचं एक अख्खं शहर. शर्यत लावा नाहीतर नुसते भटका. कुठूनही वळा, कोणी विचारणार नाही.

पहिल्याच दिवशी मी चौकात गाडी थांबवली.

“पप्पा, काय झालं?” चिरंजीवांनी विचारलं.

“लाल दिवा आहे.”

त्याने जो सुस्कारा टाकला, तो माझ्या ओळखीचा होता. स्लिपवर तारखेच्या जागी रक्कम लिहिणाऱ्या खातेदाराकडे पाहून मी तसाच टाकतो.

मग त्याने मला नियम समजावले. या खेळात वर चढायचं, तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पोलिसांना चिथवावं लागतं. त्यांच्या गाड्या ठोकल्या, की आपल्या डोक्यावरचं इनाम वाढतं. पाठलागात सरकारचं किती डॉलर नुकसान केलं, याचा वेगळा हिशेब ठेवलेला असतो आणि तो फुगेल तशी आपली प्रगती! डोनटच्या दुकानावरचा अवाढव्य डोनट पोलिसांच्या गाड्यांवर पाडायचीसुद्धा सोय आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नुकसान जमेच्या बाजूला मांडलेलं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. रात्री अकराला घरात निजानीज झाली, की मी आवाज बंद करून बसू लागलो. ज्या माणसाने कधी ‘नो एन्ट्री’त पाय टाकला नाही, तो उलट्या बाजूने गाडी हाणून पोलिसांना चकवू लागला. एका रात्री मागे सौभाग्यवती केव्हा येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

“अहो, त्या पोलिसाला केवढ्यानं ठोकलंत!”

“अगं, तो खरा नाही.”

“तो नसेल. पण तुम्ही तर खरे आहात ना?” असं म्हणून ती पाणी पिऊन झोपायला गेली.

माझी झोप मात्र गेली. कॉमर्सवाल्यांना प्लेटो नसतो, पण वाचनालयात त्याची माझी एकदा गाठ पडली होती. त्याच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजेस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला, की तो अदृश्य होतो. मग पठ्ठ्या राजाला मारून राज्यच बळकावतो. कोणी पाहणार नसेल, तर माणूस सज्जन कशासाठी राहील, असा तिथला प्रश्न. माझ्या हातातला तो बटणांचा ठोकळा म्हणजे गायजेसची अंगठीच नव्हती का?

दुसऱ्या रात्री मी शर्यत लावलीच नाही. सावकाश गाडी चालवत रॉकपोर्टमध्ये हिंडलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावर मोटारी आहेत, पण फुटपाथवर माणूस नाही. म्हातारी नाही, शाळकरी पोर नाही, साधी शेळीसुद्धा नाही. अपघात करायला समोर कोणीच नाही! मी सुटकेचा निःश्वास टाकला. नियम हे कुणाला तरी लागू नये म्हणून असतात. जिथं लागायला कोणीच नाही, तिथं पाप कसलं? मी स्वतःला निर्दोष सोडलं.

पण वकिलाने उलटतपासणी घेतली, तोही मीच. म्हणाला, मग नंदुरबारात तू नियम पाळतोस, ते कुणासाठी?

इथं साक्षीदार गडबडला. कारण आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. परवाना नाही. तरी रोज क्लासला माझी स्कूटर घेऊन जात होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे आकडे मला तोंडपाठ होते. म्हणूनच मी त्याला बजावून ठेवलं होतं, “चौकातून जाऊ नकोस, पोलीस असतो. मागच्या गल्लीनं जा.”

मागच्या गल्लीत ओट्यावर म्हातारे बसतात. पोरं रस्त्यातच क्रिकेट खेळतात. बायका दारात मिरच्या निवडतात. पोलिसाला चुकवून मी त्याला थेट माणसांत पाठवत होतो. दहा रुपयांसाठी शाखा अडवून ठेवणारा मी!

युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थाम्याबद्दल तो अर्धसत्य बोलला आणि चाकं जमिनीला टेकली. माझी स्कूटर चार बोटं वर चालते, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता कळलं, ती कधी उचललीच गेली नव्हती. तिला फक्त पोलिसाची भीती वाटत होती.

सकाळी मी किल्ली काढून घेतली.

“पण पप्पा, त्या गल्लीत पोलीस नसतो!”

“पोलीस नसतो रे, पण माणसं असतात.”

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सायकलने जाऊ लागला. शेजारी म्हणाले, दंडाला घाबरले वाटतं. घाबरलो हे खरं; कशाला, ते मी सांगितलं नाही.

खेळ मी सोडलेला नाही. काल रात्री रॉकपोर्टच्या चौकात लाल दिवा दिसला आणि सवयीने ब्रेक दाबला गेला. मागून चिरंजीव म्हणाले, “जा ना पप्पा, कोणी नाहीये.”

मी दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. खरोखरच कोणी नव्हतं. मग मात्र गाडी अशी सुसाट सोडली, की विचारू नका!