पुंगळीच्या बुडातील अदृष्ट

अमेरिकेतील बेंचरेस्ट नेमबाज मेजावर टेकवलेल्या बंदुकीने शंभर यार्डांवरील कागदात पाच गोळ्या जणू एकाच छिद्रातून घालण्याचा ध्यास घेतो, आणि त्या ध्यासापायी, उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी, तिच्या बुडाशी प्राइमरसाठी, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीसाठी, जी वाटोळी खोबण असते व जिचा व्यास लहान जातीत इंचाचे जेमतेम 175 सहस्रांश भरतो, तिच्यावर तो सबंध संध्याकाळ वेचतो. खोबणीचा तळ कर्तकाने सपाट आणि सर्व पुंगळ्यांत समखोल करण्यात गूढ काहीच नाही. प्राइमरच्या पोटातील इवल्या ऐरणीचे पाय तळावर नीट टेकले नाहीत, तर फायरिंग पिनच्या आघाताचा काही अंश प्राइमर आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दारूच्या पेटण्यात कमीअधिकपणा येतो. म्हणूनच प्राइमर बुडाच्या पातळीखाली 3 ते 5 सहस्रांश इंच बसवण्याचा दंडक आहे.

पण प्रत्येक बार उडाल्यावर खोबणीतील काजळीचा शेवटचा कणही खरवडून ती आरशासारखी लखलखीत करणाऱ्याचे काय? वैदिक कर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी कर्मांची दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ अशी जी वाटणी केली, ती इथे उपयोगी पडते. यज्ञातले भात कांडले की तूस निघते, हे दृष्ट फळ. तूस नखांनीही सोलता येते, तरी ते कांडूनच काढावे या नियमाच्या पालनातून मात्र अदृश्य ‘अपूर्व’ उपजते, असे ते मानीत. त्यांचीच दुसरी ताकीद मला अधिक मोलाची वाटते: दृष्ट फळ हाती असताना अदृष्टाची कल्पना करू नये. काजळीचा थर प्राइमरला तळावर टेकू देत नसेल, तर तेवढा काढणे दृष्टार्थच होय. त्यापलीकडची झिलई निखळ अदृष्टार्थ, आणि कित्येक मुरलेले स्पर्धक तिच्या वाटेला जातही नाहीत.

मीमांसकापाशी अपूर्वासाठी वेदवचनाचा दाखला होता. नेमबाजापाशी कागदावरील छिद्रांखेरीज दुसरे दफ्तर नाही, आणि तेही फसवे, कारण एखाद्या सकाळी वारा पडून पाच छिद्रे जुळली की जमाखर्चात ते श्रेय बिनदिक्कत स्वच्छ खोबणीच्या खाती पडते. झिलईने चित्त एकाग्र होते, असे कोणी म्हणेल. होत असेल, पण मग ते फळ चित्ताच्या नावे मांडावे, पुंगळीच्या नव्हे. निम्म्या पुंगळ्या घासून, निम्म्या तशाच ठेवून, आलटून पालटून पुष्कळ बार काढले तर निवाडा होण्याजोगा आहे. घासणारा सहसा त्या वाटेस जात नाही. निकाल विरुद्ध गेला, तर संध्याकाळी करायचे काय?