कपोताचं जाळं आणि आईचं दार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा आपण दत्तभक्त दरवर्षी ऐकतो. पृथ्वीकडून सहनशीलता घ्यावी, समुद्राकडून गांभीर्य घ्यावं, हे पटायला वेळ लागत नाही. प्रपंचातल्या माणसाचा पाय अडखळतो तो कपोतापाशी, म्हणजे कबुतरापाशी.

कपोत आणि कपोती यांचा सुखाचा संसार होता. दोघं चारा आणायला गेली असताना पारध्याने त्यांची पिल्लं जाळ्यात धरली. ते पाहून कपोती आक्रोश करीत धावली आणि तीही अडकली. मागे राहिलेल्या कपोताला वाटलं, आता कुणासाठी जगायचं? जाळं समोर दिसत असताना त्यानेही त्यात उडी घेतली. पारध्याचं काम झालं, तो घरी गेला.

अवधूत यावरून सांगतो की अतिस्नेह करू नये. पोथीत हे आलं की आम्ही बायका एकमेकींकडे बघतो. लेकरांवर माया करायची नाही, तर मग घर चालवायचं कशाच्या बळावर? संन्याशाला हे ठीक आहे. पण या स्कंधावर मराठीत टीका लिहिली ती एकनाथ महाराजांनी, आणि नाथ तर स्वतः बायकामुलांत राहिलेले! तेव्हा हा उपदेश आपल्यासाठीही असणार, एवढं मला कळत होतं. तो नेमका काय, हे कळलं कोरोनाच्या काळात.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. देवळंही बंद झाली. ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झाली. त्याच एप्रिलात आमच्या सूनबाईला ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. डॉक्टरांनी चौदा दिवस वेगळं राहायला सांगितलं. ती मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. बाहेर मी, मुलगा आणि दोन नातवंडं. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा.

वेगळं राहणं आपल्या घरांना नवीन नाही. बाळंतिणीची सव्वा महिन्याची खोली असायची. गोवर-कांजिण्या आल्या की पोराला वेगळं निजवायचे, उशाशी कडुनिंबाचा पाला. क्वारंटाइन हा शब्दसुद्धा चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला आहे. साथीच्या दिवसांत तिकडे जहाजं चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत. म्हणजे आपला सव्वा महिनाच म्हणा ना. पण तीन वर्षांच्या मुलाला हे कसं सांगणार? त्याला एवढंच कळत होतं की आई आत आहे आणि दार उघडत नाही. पहिल्या रात्री तो दारावर थापा मारून रडला. मला विचारी, "आजी, आई रुसली का माझ्यावर?" आतून तिचं हुंदके दाबणं मला ऐकू येत होतं. दार तिच्या हातात होतं, कडी काढायला क्षणही लागला नसता. तिने ती काढली नाही.

शेजारच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "काय बाई काळीज! मला तर नसतं सहन झालं." बोलल्या त्या प्रेमानेच. पण माझ्या मनात आलं, दार उघडणं हे प्रेम की न उघडणं हे प्रेम? आणि एकदम कपोती डोळ्यांसमोर आली. तिच्या उडीने एक तरी पिल्लू सुटलं का? नाही. तिला विरह सोसवेना, म्हणून तिने उडी घेतली. ती उडी पिल्लांसाठी नव्हती, स्वतःच्या दुःखापासून सुटण्यासाठी होती. अतिस्नेह म्हणतात तो हाच असावा. वरून तो लेकराकडे धावतो, पण आत त्याचं लक्ष आपल्या दुःखावर असतं.

यावर कुणी विचारील, मग संकटात उडी घेणारे सगळेच मोहात पडलेले का? तसं मुळीच नाही. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याही साथीत शिरल्या, पण ज्याला उपचार मिळाला नसता त्याला तो मिळावा म्हणून शिरल्या. कोरोनातही डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार असेच आत गेले. म्हणजे आत जाणं किंवा बाहेर थांबणं, यावर काही ठरत नाही. कुणासाठी, यावर ठरतं.

अवधूताची आणखी एक गुरू आठवा, ती कुमारी. घरात एकटी असताना तिला बघायला पाहुणे आले. ती आत साळी कांडू लागली, तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने एकेक करीत बांगड्या काढल्या आणि प्रत्येक हातात एकच ठेवली. अवधूताने यातून एकांत घेतला. मी गृहिणी, मला दिसलं की तिने कांडण थांबवलं नाही. आवाज गेला, काम चालू राहिलं. सूनबाईचंही तसंच झालं. कुशीत घेणं, पापे, भरवणं हे सगळं तिने काढून ठेवलं. पण रोज रात्री दारापलीकडून गोष्ट सांगत राहिली, आणि धाकटा दाराला पाठ लावून ती ऐकत झोपू लागला.

पंधराव्या दिवशी आमचं दार उघडलं. सगळ्याच घरांत ते उघडलं नाही, हे मी विसरत नाही. एकाच खोलीत सहा जण राहणाऱ्यांना वेगळं राहायला जागाच नव्हती, आणि कितीकांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही घडलं नाही. त्यांना कुणी मोह आणि प्रेम समजावून सांगू नये. त्यांच्याजवळ नुसतं बसावं.

पण आपण, ज्यांची माणसं वाचली, त्यांनी एक प्रश्न जवळ ठेवावा. नात दूरगावी शिकायला निघते आणि आपण डोळ्यांत पाणी आणून तिला थांबवू बघतो. मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं की आपलं दुखणं वाढतं. अशा वेळी स्वतःला विचारावं, हे त्यांच्यासाठी की माझ्यासाठी?

आज दत्तजन्माचा पाळणा म्हणताना अनसूयामाता आठवावी. तिने तिन्ही देवांना बाळ करून मांडीवर घेतलं, पाजलं, जोजवलं. पुढे लक्ष्मी, पार्वती आणि सावित्री आपापले पती मागायला आल्या, तेव्हा तिने कुठलंही बाळ अडवून ठेवलं नाही. परत देऊन टाकली. मग देवांनीच तिला मूल दिलं, म्हणून त्याचं नाव दत्त, दिलेला. आपली लेकरंही अशीच दिलेली आहेत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥