पित्याचे अन्न आणि पुत्राची वाणी

श्रीमद्भगवद्गीतेचे अठरा अध्याय संपले की नित्यपाठ करणारा वाचक पोथीला नमस्कार करून ती बांधून ठेवतो. महाभारताची कथा मात्र तेथे थांबत नाही. भीष्मपर्वात त्याच स्थळी एक विलक्षण प्रसंग घडतो. दोन्ही सेना सज्ज उभ्या असता युधिष्ठिर अंगावरील कवच उतरवतो, शस्त्रे खाली ठेवतो आणि पायी चालत शत्रुसैन्यात शिरतो. भाऊ चिंतातुर होतात. कौरवांकडील सैनिक त्याला भित्रा म्हणून हिणवतात. तो जातो तो थेट भीष्मांच्या चरणांपाशी, युद्धाची अनुज्ञा मागण्याकरिता. पुढे द्रोण, कृप आणि शल्य यांच्याकडेही तो याच हेतूने जातो. चौघेही त्याचे शुभ चिंतितात आणि चौघेही एकच कबुली देतात. कौरवांच्या धनाने आपण बांधले गेलो आहोत, तेव्हा लढावे लागणार ते त्यांच्याच बाजूने; याखेरीज दुसरे काय हवे ते माग, असे ते सांगतात.

आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश जेथे नुकताच झाला, त्याच भूमीवर लागलीच पैशाची गोष्ट निघावी आणि तीही भीष्मांसारख्या विरक्ताच्या तोंडून निघावी, हे विचार करण्याजोगे आहे. ज्याने राज्य सोडले, विवाह सोडला, त्यालाही आपण कोणाच्या घरी जेवतो या एका गोष्टीतून सुटता आले नाही. आर्थिक परावलंबन हा बाजारातला क्षुद्र विषय आहे, धर्मचिंतनात त्याला स्थान नाही, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

आज भारतातल्या असंख्य घरांत हाच प्रश्न भाकरीच्या ताटाशी येऊन बसला आहे. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झालेला असतो. पदवी मिळून पाच-सहा वर्षे लोटलेली असतात. तो प्रयागराजला असो, पाटण्याला असो, दिल्लीच्या मुखर्जीनगरातील कोंदट खोलीत असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असो, खर्च घरून येतो; आणि परीक्षेची वये संपली की तो स्वतःही घरीच येतो. वडील निवृत्तीला आलेले किंवा निवृत्त झालेले असतात. जेवताना कोणी काही बोलत नाही. शेजारी विचारतात, “सध्या काय करतो?” तेव्हा आई त्याच्या आधी उत्तर देते.

अशा मुलाला आळशी ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. रेल्वेने २०१९ मध्ये सुमारे पस्तीस हजार जागांसाठी अर्ज मागवले, तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. त्या भरतीतील पहिल्या परीक्षेचा निकाल लागला जानेवारी २०२२ मध्ये, आणि त्यावरून बिहार व उत्तर प्रदेशात तरुण रुळांवर उतरले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजाराच्या आगेमागे. सर्वसाधारण गटातील उमेदवाराला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळा बसता येते. म्हणजे मनुष्याच्या आयुष्यातील उमेदीची दहा वर्षे एका दारासमोर उभे राहण्यात जाऊ शकतात, आणि तसे उभे राहणे नियमाला धरूनच असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीतील एका अभ्याससंस्थेच्या सहकार्याने २०२४ मध्ये भारतातील रोजगाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एक आकडा असा आहे की, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. हे वाचून विद्येलाच दोष देण्याचा मोह होतो. पण थोडे थांबून पाहिले तर निराळीच गोष्ट दिसते. निरक्षर मजुराच्या मुलाला बेकार राहणे परवडतच नाही. तो सकाळी नाक्यावर जाऊन उभा राहतो आणि मिळेल ते ओझे उचलतो. बेकार तोच राहू शकतो, ज्याच्या मागे त्याला पोसणारे कोणी आहे. तेव्हा सुशिक्षितांच्या बेकारीचा जो आकडा सरकारदप्तरी नोंदला जातो, तो दुसऱ्या बाजूने वाचला तर आईवडिलांच्या त्यागाचा आकडा आहे. त्याची बेरीज आजवर कोणी केलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की, पित्याने पुत्राला पोसणे ही आपल्याकडची रीतच आहे; एकत्र कुटुंबात कोणी कोणाचा हिशेब ठेवीत नसे. हे अर्धे सत्य आहे. जुन्या घरात मुलगा बापाजवळ राही तो बापाच्या कामात राही. शेतकऱ्याचा मुलगा मिसरूड फुटण्यापूर्वीच मोटेवर आणि नांगरावर असे, विणकराचा मागावर, वाण्याचा दुकानात. घर हे राहण्याचे ठिकाण होते तसेच ते कमावण्याचेही ठिकाण होते. मिताक्षरा परंपरेने तर पुत्राला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतःच वाटा दिलेला होता. म्हणून तो बापाच्या ताटात जेवला तरी आपल्याच वाट्याचे जेवत असे. पगारदार बापाच्या घरात यांतले काहीच उरत नाही. बाप कचेरीत जातो. तेथे मुलगा हात लावू शकत नाही. सदनिका बापाने कर्ज काढून घेतलेली असते. ती त्याची स्वकष्टार्जित मिळकत. घर तेच, नाती तीच, पण कमाईची जागा घराबाहेर गेली आणि घरात केवळ खर्च उरला. मुलगा पूर्वीइतकाच बापाजवळ राहतो, पण पूर्वी तो भागीदार होता आणि आज पाहुणा झाला आहे, तोही परत जाण्याची तारीख नसलेला.

कायद्यानेही हा बदल नोंदवला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलाच्या पोषणाचे बंधन तो अज्ञान असेतोपर्यंतच आईबापांवर ठेवले. अविवाहित व स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलीला मात्र पुढेही संरक्षण दिले. वृद्ध व दुर्बल आईबापांना पोसणे हे मुलाचे आणि मुलीचे कर्तव्य ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले की, आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचा प्रौढ पुत्राला कायदेशीर हक्क नाही, तो राहतो तो त्यांच्या कृपेने. हा निकाल ऐकून पुष्कळांना तो निष्ठुर वाटला. वस्तुतः त्याने नवे काही निर्माण केले नाही. घराघरांत जे मुकाट्याने चालू होते त्याला नाव दिले.

मग प्रौढ पुत्राने पित्याचे अन्न खाणे पाप आहे काय? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात या बाबतीत एक कठोर शब्द आलेला आहे. जे मिळाले त्याची परतफेड न करता जो नुसता उपभोग घेतो, त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. नोकरीसाठी उंबरे झिजवणारा एखादा तरुण हा अध्याय वाचताना या शब्दापाशी अडखळत असेल, मान खाली घालत असेल. पण तो शब्द नीट पाहिला पाहिजे. तेथे रुपयांचा हिशेब नाही. तेथे चक्र आहे, घेण्याचे आणि देण्याचे. त्या मापाने मोजले तर निकाल अनेकदा उलटा लागतो. महिन्याला लाख रुपये मिळवणारा मुलगा आईवडिलांच्याच घरात राहतो, भाडे देत नाही, धुतलेले कपडे आणि वाढलेले ताट गृहीत धरतो, आपला पगार गुंतवतो आणि मित्रांत स्वतःला स्वावलंबी म्हणवून घेतो. दुसरा, दमडीही न मिळवणारा, आजारी आजोबांना उठवतो-बसवतो, वडिलांची बँकेची कामे पाहतो, भांडी घासतो, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतो. यांपैकी त्या अध्यायातला शब्द कोणाला लागू पडतो, हे सांगावयास भाष्यकाराची जरुरी नाही.

असे असता परावलंबनात खरे दुःख कोणते? ते भाकरीत नाही. बालक दुसऱ्याचे खाते, रुग्ण खातो, संन्यासी तर मागून खातो, आणि यांपैकी कोणीही त्यामुळे हीन होत नाही. दुःख आहे ते जीभ बांधली जाण्यात. भरसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून भीष्मांनी निर्णय देण्याचे टाळले. लोकांत रूढ असलेल्या एका कथेत, शरपंजरी पडलेले भीष्म धर्म सांगू लागतात तेव्हा द्रौपदी हसते, आणि भीष्म तिला सांगतात की त्या दिवशी अंगात दुर्योधनाचे अन्न होते, बाणांनी ते रक्त वाहून गेल्यावर आता बुद्धी मोकळी झाली आहे. कथा लोकांची आहे, पण लोकांनी भीष्मांच्या मौनाचे कारण अचूक हेरले.

हे मौन आजच्या दिवाणखान्यात पाहावे. मुलाचे लग्न ठरते आहे. बैठकीत देण्याघेण्याची बोलणी चालली आहेत. हुंडा १९६१ पासून कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून त्याला तो शब्द न वापरता मोटार, दागिने, कार्यालयाचा खर्च अशी नावे दिली जातात. तीस वर्षांचा मुलगा खाली पाहून बसलेला असतो. त्याने महाविद्यालयात या विषयावर वक्तृत्वस्पर्धेत बक्षीसही मिळवलेले असेल. वधूचा पिता आशेने त्याच्याकडे पाहतो, आणि तो म्हणतो, “आईबाबा म्हणतील तसे.” या तीन शब्दांना लोक आज्ञाधारकपणा म्हणतात. त्यांतले किती मातृपितृभक्तीचे आणि किती मिठाचे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पुढे सून घरात येते आणि तिच्या बाजूने एक शब्द बोलण्याची वेळ येते, तेव्हाही तेच मीठ आड येते.

बंधन एकाच बाजूने पडते असेही नाही. बापही बांधला जातो. “तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही पाहतो,” असे म्हणणारा पिता प्रेमळ असतो यात शंका नाही. पण विजेचे बिल किती येते, दवाखान्याचे कर्ज किती उरले, हे तो मुलापासून लपवतो, आणि मुलाचे उत्तीर्ण होणे हीच आपली आशा करून बसतो. चौथ्या अपयशानंतर “आता पुरे” असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यात नसते, कारण ते म्हणताच इतक्या वर्षांचा खर्च व्यर्थ गेला असे कबूल करावे लागेल. आई तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या नोटा मुलाच्या हातात गुपचूप सारते. धृतराष्ट्राचे अंधत्व डोळ्यांचे होते त्यापेक्षा पुत्राविषयीच्या ममतेचे अधिक होते. त्याला सर्व कळत होते, विदुर रात्र रात्र जागून सांगत होता, पण मुलाला नाही म्हणणे त्याला जमले नाही.

मिळवत्या मुलीची स्थिती तर याहूनही अवघड. तिच्या पगारावर घर चालू लागते, आणि मग तिच्या लग्नाचा विषय घरात निघेनासा होतो. येथे अन्न मुलीचे आणि मौन आईबापांचे.

फळाची आशा न धरता कर्म करावे, हे तत्त्व अशा घरांत फार वापरले जाते, आणि ते बरेचदा चुकीच्या जागी वापरले जाते. सातव्यांदा तोच अर्ज भरणाऱ्याचे सांत्वन करण्यासाठी ते सांगितलेले नाही. तो तर केवळ फळासाठीच जगत असतो. अधिकाराची खुर्ची हे त्याचे फळ, आणि ते मिळेपर्यंत दुसरे कोणतेही काम त्याला कमीपणाचे वाटते. पांडवांचे अज्ञातवासाचे वर्ष येथे आठवावे. द्वारका आणि पांचाल ही त्यांची हक्काची दोन घरे होती. सेवक, रथ त्यांनी तिकडे धाडले. स्वतः मात्र विराटाकडे चाकरीस राहिले. गुप्त राहण्यासाठी ते आवश्यक होते हे खरे. तरी कामे त्यांनी कोणती पत्करली ते पाहण्यासारखे आहे. भीम स्वयंपाकघरात गेला, नकुल तबेल्यात, सहदेव गोठ्यात. अर्जुनाने मुलींना नृत्य शिकवले. पट्टराणी दुसऱ्या राणीची वेणी घालू लागली. राज्य परत मिळवण्याचा निश्चय त्यांपैकी कोणीही सोडला नव्हता. वाट पाहण्याचे वर्षही त्यांनी आपल्या श्रमाचे अन्न खाऊन काढले, आणि ते वर्ष किती लांबायचे हे आधीच ठरलेले होते.

आजच्या घरांत नेमके हे ठरलेले नसते. किती वर्षे, कोणत्या खर्चापर्यंत, तोवर घरातले कोणते काम मुलाचे, आणि नाहीच जमले तर पुढे काय, या चार गोष्टी बापलेकांनी एका संध्याकाळी समोरासमोर बसून बोलाव्यात, तर निम्मे विष उतरेल. स्वतंत्र बिऱ्हाड करणे हा काही एकमेव उपाय नाही. शहरातले भाडे पाहता तो पुष्कळांना शक्यही नाही, आणि ज्या अमेरिकेचे उदाहरण ऊठसूट दिले जाते तेथेही २०२० मध्ये अठरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक आईबापांकडेच राहत होते. एका छपराखाली राहूनही जीभ मोकळी ठेवता येते. मात्र ती मोकळी ठेवण्याची किंमत असते, आणि ती देणारा महाभारतात एकच निघाला.

चारही वडीलधाऱ्यांना वंदन करून युधिष्ठिर परत फिरला तेव्हा दोन्ही सेनांच्या मध्ये उभा राहून त्याने मोठ्याने विचारले की, आमच्या बाजूला येऊ इच्छिणारा कोणी आहे काय? कौरवांच्या रांगेतून युयुत्सू पुढे आला. तो धृतराष्ट्राचाच पुत्र होता, वैश्य स्त्रीच्या पोटी जन्मलेला, त्याच वाड्यात वाढलेला, तेच अन्न खाल्लेला. दुंदुभी वाजत असता तो सर्वांदेखत पलीकडे गेला.

युद्धात धृतराष्ट्राचे शंभरही पुत्र पडले. युयुत्सू उरला. हस्तिनापुरात त्या वृद्ध राजाची सेवा करण्यासाठी युधिष्ठिराने ज्यांना नेमले त्यांत तो होता. पुढे अरण्यात लागलेल्या वणव्यात धृतराष्ट्र गेल्याचे वृत्त आले, तेव्हा पांडव गंगेवर गेले. त्या अंध पित्याला जलांजली देताना सर्वांच्या पुढे युयुत्सू होता.